ओव्याचं फूल

मी इंग्लंडला निघाले त्या सकाळी आपला अख्खा मजला खाली रस्त्यावर आला होता. टॅक्सीत बॅगा चढल्या, कुणी ओटी भरली, कुणी उगाच रडलं. नाना, माझे वडील, सगळ्यांत शेवटी आले. गिरणी बंद पडल्यापासून ते वॉचमनकी करायचे, त्या दिवशी पाळी संपवून तसेच आलेले. माझ्या स्वेटरच्या खिशात त्यांनी एक छोटी बाटली घातली. म्हणाले, "पोटात दुखला तर दोन थेंब. जास्त घेव नको."

ती अमृतधारा होती. तुम्ही नायगावच्या आपल्या चाळीतले असाल तर कधी ना कधी घेतलीच असणार. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर, तिन्ही कोरडे खडे नाना बाटलीत घालायचे आणि पाण्याचा थेंबही न घालता त्यांचं आपोआप तेल व्हायचं. कुणाची सर्दी, कुणाची दाढ, कुणाचं पोट. आमच्या दाराला दिवसा कडी नसायची. आई गेल्यावरही नाना खचले नाहीत, ते या येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळेच.

इंग्लंडात मला माउथवॉशच्या फॅक्टरीत, क्वालिटीच्या लॅबमध्ये काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात एका ड्रमचं झाकण उघडलं आणि डोळे भरून आले. सुपरवायझरला वाटलं झोंबलं, तिने मास्क दिला. ड्रमवर थायमॉल लिहिलं होतं, म्हणजे आपलं ओव्याचं फूलच. नानांना फोनवर सांगितलं तर कितीतरी वेळ हसत होते. मलाही वाटलं, नशिबाने घरचाच वास नेमून दिला. पण रोज दिवसभर हुंगलं की नाक मरतं. आता मला तो येतच नाही. मशीन दाखवतं तो आकडा मी लिहिते.

मग टॉवर बांधायचे म्हणून चाळी पाडायला घेतल्या. कुणी नवी घरं होईपर्यंतचं भाडं घेऊन बदलापूरला गेलं, कुणी विरारला. नाना, माझा भाऊ दिनेश आणि वहिनी संक्रमणाच्या, म्हणजे तोवरच्या तात्पुरत्या इमारतीत, पंधराव्या मजल्यावर. गेल्या मे महिन्यात मी गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या फळीवर अमृतधारेच्या बाटल्या दिसल्या, भरलेल्या, न उघडलेल्या. दिनेशने सांगितलं की सुरुवातीला नाना मजल्यावर घरोघर वाटायला गेले होते. शेजारच्या बाईंनी सेफ्टी डोअरच्या जाळीतूनच सांगितलं, आमच्याकडे डॉक्टरांचंच औषध चालतं, काका. रागाने नाही, नीट सांगितलं. त्यानंतर नाना घराबाहेर पडायचेच थांबले.

माझ्याकडे चला म्हटलं, निदान खाली बागेत बसू म्हटलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "हय कोणाच्या पोटात दुखत नाय गो."



नवा टॉवर होईल, मोठं घर मिळेल, असं दिनेश म्हणतो. मिळेलही. नाना त्याबद्दल काही विचारत नाहीत.

माझ्यासारख्या लांब गेलेल्यांनो, घर कुठे विचारलं की तुम्हीही नायगावच सांगत असाल. मीही सांगते. पण खरं म्हणजे घर आता रविवारच्या फोनपुरतं उरलंय. काय करताय, मी विचारते. "बसलंय," नाना म्हणतात. मग दोघांकडेही बोलायला काही नसतं, आणि समोरच्याने फोन ठेवावा म्हणून आम्ही दोघंही थांबून राहतो.