रजावहीतला अंगठा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. मग तुम्हालाच का? — तुम्ही माझं तोंड पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

गडचिरोलीच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत मी मुलींची अधीक्षिका होते. कडक बाई म्हणून माझं नाव होतं, आणि मला त्याचा तोराही होता. पोरीला घरी न्यायचं तर आईबापानं रजावहीत अंगठा द्यायचा, मग मुख्याध्यापक मंजुरी देणार. मंजुरीशिवाय पोरगी फाटकाबाहेर नाही.

सातवीतली सुनिता तापानं फणफणली. तिची आई, रुखमाबाई, रानातून पायी आली तिला न्यायला. वहीत अंगठा दिला. मुख्याध्यापक म्हणाले, तपासणी तोंडावर आहे, पटावरची सगळी पोरं हजर पाहिजेत. मी अंगठ्यावर आडवी रेघ मारली — 'नामंजूर'. दोन दिवसांनी ती पुन्हा आली. पुन्हा अंगठा, पुन्हा रेघ. तिसऱ्यांदा तिला आम्हीच बोलावून घेतलं. तोवर सुनिता गेली होती.

शाळेनं वर कळवलं, पालक फिरकलेच नाहीत. मग विधिमंडळाची समिती चौकशीला आली. रजावही घेऊन साक्षीला हजर राहा, असं पत्र माझ्या नावानं आलं. मुख्याध्यापकांनी दम वगैरे दिला नाही. एवढंच म्हणाले, "मॅडम, वहीत रेघा कोणाच्या हातच्या आहेत, ते एकदा पाहून घ्या न."

पाहायचं काय त्यात?

विश्रामगृहाच्या हॉलमध्ये मी समितीला सांगितलं — वही वाळवीनं खाल्ली. आई आली होती का? — आठवत नाही. रुखमाबाई दाराशी खाली बसली होती. ती तटकन उठली.

"बाई, मी दोनदा आली होती न! तुमच्या वहीत माहा अंगठा आहे. दाखवा न या सायबायले!"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले. अहवालात छापून आलं — आई आजारी मुलीकडे आली नाही.

नोकरीची भीती होती का? होती. पण खरं सांगू? त्या रेघा मारताना मला काहीच वाटलं नव्हतं — हे चारचौघांना दिसेल, त्याची भीती जास्त होती.

वही माझ्याकडेच आहे. चंद्रपूरच्या घरी, लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली. दर वर्षी मी तिच्यात कडुलिंबाचा नवा पाला घालते — वाळवी लागू नये म्हणून. जाळवत नाही. कुणाला देववतही नाही. पेटी घरात आहे, म्हणून चार दिवस कुठं जाताही येत नाही.

रुखमाबाई अजून आहे. शाळेतली जुनी स्वयंपाकीण कधी भेटली की सांगते — बाजारात कुणीही पोरीचा विषय काढला की ती म्हणते, मी दोनदा गेली होती. लोक हो हो म्हणतात आणि पुढं जातात.

ती खरं सांगते. दोनदा आली होती.