इनाससरांचं नाक

इनाससर कधी कोणाच्या शेजारी बसले नाहीत. बसायचे ते समोर, आणि समोर जागा नसली तर उभे राहायचे. आमच्या स्टाफरूममध्ये एक लांब बाक होता. त्यावर आम्ही सगळे कोंबून बसायचो आणि हे एकटे खुर्ची ओढून आमच्याकडे तोंड करून, मुलाखत घ्यायला आल्यासारखे. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ. लिहून झालं की कवायतीत वळतात तसे गर्रकन पूर्ण वळायचे. अर्धवट वळलेले इनाससर मी कितीतरी दिवस पाहिलेच नव्हते. लग्नाच्या जेवणात तर पंगतीत बसायला नको म्हणून हे वाढायलाच उभे. लोक म्हणायचे, काय सेवाभावी माणूस! सेवाभाव कसला डोंबलाचा, पंगतीत बसलं की शेजारच्याला नाक बाजूने दिसतं.

नाक म्हणाल तर समोरून चारचौघांसारखंच होतं. बाजूने मात्र मधोमध एक ठसठशीत उंचवटा होता आणि तिथून ते थेट वरच्या ओठाच्या भेटीला निघायचं. मला विचाराल तर वाईट नव्हतं. आमच्या वाडवळ समाजात याहून मोठी नाकं होऊन गेली आणि त्यांनी सुखाने संसार केले. पण मी शाळेत लागले त्या पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की इनाससरांसमोर नाकाचा विषय काढायचा नाही. मराठी शिकवणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं, तिने पाळणं कठीण. आपल्या भाषेत नाकावर किती वाक्प्रचार आहेत ते मला त्या वर्षी कळलं. मुलींना ‘नाकं मुरडू नका’ म्हणायच्या आधी मी दाराकडे बघून घ्यायचे.

सर भूमिती शिकवायचे आणि उरलेल्या वेळात चौकशी करायचे. सायकलची ट्यूब घ्यायची तरी वसई, विरार, नालासोपारा अशी सगळीकडे चौकशी व्हायची. एका वर्षी त्यांनी छत्रीची चौकशी सुरू केली, आणि ती पुरी होईतो दिवाळीची सुट्टी लागली. आम्ही हसायचो. ते शांतपणे म्हणायचे, “बाई, चौकशीला फी नसते.” गावात कोणाला काही घ्यायचं असलं, गाय असो की पंखा, तो आधी सरांकडे यायचा. त्यांच्याकडे सगळी माहिती असायची, वस्तू मात्र क्वचितच.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. सर खुर्ची पुढे ओढून म्हणाले की मुंबईच्या एका सरकारी दवाखान्यात नाकाचं ऑपरेशन होतं, प्लास्टिक सर्जरी म्हणतात, आणि त्यांनी चौकशी सुरू केली आहे. नाकाचा विषय त्यांनीच काढला म्हटल्यावर मी सुटले. म्हटलं, एवढं काय वाईट आहे त्या नाकात? श्वास येतो, चष्मा बसतो, आणखी काय पाहिजे?

“बाई, ते माझं नाहीच,” सर म्हणाले. “रोज सकाळी मला चहा देताना माझ्या आईला त्या माणसाचं तोंड बघावं लागतं.”

तो माणूस म्हणजे त्यांचा बाप, सांतान. आगबोटीवर स्वयंपाकी होता. पिऊन आला की बायकोला मारायचा. इनास चारेक वर्षांचा असताना तो एकदा बोटीवर गेला तो परत आला नाही. मेला म्हणून निरोप नाही, जिवंत म्हणून मनिऑर्डर नाही. घरात त्याचा फोटोसुद्धा नव्हता, त्या काळी कोण काढतं? बाईने वाडीत राबून, केळी आणि फुलं विकून मुलाला शिकवलं आणि नवऱ्याचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही. नाव काढायचे ते गावकरी. चर्चच्या पायऱ्यांवर, बाजारात, मयताला, कुठेही हा पोरगा दिसला की म्हणायचे, अगदी सांतान, तेच नाक! त्यांना वाटायचं आपण कौतुक करतोय. याच्या मनाने घेतलं की आपण बापच होणार आहोत. म्हणून हा माणूस कधी दारूच्या थेंबाला शिवला नाही, आणि तेही वसईच्या लग्नांत, जिथे नाही म्हणणाऱ्याला आजारी समजतात. लग्नाचं विचारलं तर म्हणायचा, “आधी नाकाचं बघू.” आम्हाला वाटायचं विनोद करतो आहे. मला त्या दुपारी फार वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला, कारण त्या विनोदाला सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचे.

मग चौकशी जोरात सुरू झाली. ते आधी फादरांकडे गेले. फादर म्हणाले, देवाने दिलेलं रूप आहे, त्यात माणसाने हात घालू नये. सरांनी नम्रपणे विचारलं की मग तुमची दातांची कवळी? फादरांनी विषय बदलून चर्चच्या छपराची अडचण सांगितली. मग अर्नाळ्याला एका कोळ्याचा गाल गळाने फाटला होता आणि त्यावर मांडीची कातडी लावली होती असं कळलं. हे सायकल काढून अर्नाळ्याला. त्याला दुखलं किती, पू झाला का, कातडीचा रंग जुळला का, सगळं विचारून आले. कोळी बोटीत बसून जाळं विणत होता. म्हणाला, “दुखनं जातं मास्तर. त्या बाजूला दाढी येत नाय, ब्लेड वाचतं. पन लोकं आपल्याकडं तेवढी बगत नाय, जेवढं आपल्याला वाटतं.” यातलं दाढीचं सरांनी मला दोनदा सांगितलं. शेवटचं वाक्य एकदाच, तेही जाता जाता.

डॉक्टरांकडे ते पहिल्यांदा गेले तेव्हा डॉक्टरांनी त्यांनाच प्रश्न विचारले. हा अनुभव सरांना नवीन होता. श्वासाचा त्रास आहे का? नाही. अपघात झाला होता? नाही. मग कशाला? सरांनी सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं, विचार करून या म्हणाले. सर विचार करून आले, पुन्हा परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टर समजावून सांगायला लागले. हाड घासावं लागेल. डोळ्यांखाली काळंनिळं होईल. सूज महिनोन्‌महिने राहील, खरा आकार वर्षाने कळेल. काही आठवडे चष्मा नाकावर ठेवता येणार नाही. मी कागदावर काढून दाखवीन तसंच होईल असं वचन देणार नाही. आणि काढलेलं परत बसवता येत नाही. हे सगळं सरांनी मला शाळेत जसंच्या तसं म्हणून दाखवलं, प्रमेय म्हणावं तसं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं होतं की ज्यांच्यासाठी हे करताय त्या आईला विचारलंत का?

“मग तुम्ही काय सांगितलंत?” मी म्हटलं.

“म्हटलं, तिला काय विचारायचं? तिला आनंदच होईल.”

छत्रीसाठी अर्धा तालुका पालथा घालणारा हा माणूस. पण मलाही तेव्हा त्यात काही खटकलं नाही. मार खाल्लेली बाई, तिला आनंद होणार नाही तर काय, असंच मीही धरून चालले.

मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. आईला सांगितलं होतं की बोर्डाचे पेपर तपासायला चुलतभावाकडे मुंबईला जातोय. माझं माहेर दवाखान्याच्या जवळच, म्हणून मी डबा घेऊन बघायला गेले. नाकावर प्लास्टर, दोन्ही डोळ्यांखाली काजळ फासल्यासारखं, आणि चष्मा कपाळाला चिकटपट्टीने लटकवलेला. त्या अवतारात सर शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे पंख्याच्या कंपनीची चौकशी करत होते. मला बघून म्हणाले, “बाई, तोंडाने श्वास घेत जेवणं हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं तर सांगत चला.”

प्लास्टर निघालं, काळं उतरलं, आणि जूनच्या तोंडाशी सर गावी निघाले. मला म्हणाले, तुम्ही बरोबर असलात तर बरं. का ते बोलले नाहीत, पण मला कळलं. आईचा आनंद बघायला त्यांना कोणीतरी साक्षीला हवं होतं. एस.टी.त ते माझ्या शेजारी बसले. खिडकीकडे बघून बोलत होते, आणि नाक खरंच सरळ होतं, थोडं सुजलेलं होतं इतकंच. इतका खूश असलेला माणूस मी त्यापूर्वी एस.टी.त पाहिला नव्हता.

आय, गावात सगळे तिला आयच म्हणायचे, अंगणात लाल लुगडं खोचून मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. तिने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. तिची बोली मला पुरती येत नाही, कळली तेवढी माझ्या भाषेत सांगते. ती म्हणाली,

“कोणी मारलं तुला?”

सर हसले. कोणी मारलं नाही, ऑपरेशन करून घेतलं म्हणाले. तिला कळेना. मग ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “आय, त्याचं नाक मी काढून टाकलं. आता तुला ते बघावं लागणार नाही.”

ती पुन्हा कळ्यांकडे वळली. तिचा हात चालू होता, चांगल्या एकीकडे, किडक्या एकीकडे.

“मला कधी म्हणाला नाहीस,” ती म्हणाली.

“अगं, तो तुला मारायचा.”

“मारायचा. हाताने मारायचा. तुझे हात माझ्यावर गेलेत, ते मी तू झालास तेव्हाच बघून घेतलं होतं. नाकाने काय केलं होतं?”

मी मान खाली घालून कळ्यांकडेच बघत होते. मग ती अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “त्याची तेवढीच एक वस्तू माझ्या घरात होती.” आणि मला विचारलं, चहा घेणार ना?

तो चहा मी कसा प्यायले ते मलाच ठाऊक. सरांनी कप हातात धरून ठेवला होता. निघताना ते मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले आणि मधेच थांबून म्हणाले, “बाई, सगळ्यांना विचारलं हो.” मला त्यांची इतकी दया आली, पण म्हणणार काय? बरं दिसतंय, असं मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

शाळा उघडली. अर्ध्या लोकांना फरक कळलाच नाही. शिपाई म्हणाला, सर, मिश्या काढल्या का? सरांना मिश्या कधी नव्हत्याच. पण बातमी हळूहळू पसरली आणि सर त्या बाबतीतले तज्ज्ञ झाले. गोखिवऱ्याहून, चंदनसारहून माणसं यायची. भाजलेल्या मुलीचे आईबाप यायचे, फाटलेल्या ओठाचं बाळ घेऊन कोणी यायचं, नुसतंच सिनेमा बघून आलेलं एखादं पोरगंही यायचं. बाळ आणि भाजलेली मुलगी असली की सर स्वतः बरोबर जाऊन डॉक्टरांची गाठ घालून द्यायचे, शाळेत रजा टाकून. बाकीच्यांना सगळं नीट सांगायचे, सूज, चष्मा, तोंडाने श्वास, काही लपवायचे नाहीत, भीतीही घालायचे नाहीत. मग विचारायचे की घरात असं कोण आहे, ज्याला विचारायची गरज नाही असं तुला वाटतं? पोरगं नाव सांगायचं. सर म्हणायचे, “त्याला विचारून ये. मग पुढचं बोलू.” यातले काही परत आले, काही नाही. परत आलेल्यांची ऑपरेशनं झाली आणि चांगली झाली, हेही सांगितलं पाहिजे. प्लास्टिक सर्जरीबद्दल सरांचं काही वाईट मत नव्हतं.

आणि घरी त्यांनी एक चौकशी सुरू केली, जी आयुष्यात केली नव्हती. संध्याकाळी आईजवळ बसून बापाबद्दल विचारायचे. तो जेवायचा काय, गायचा का, कोणत्या बाजूला झोपायचा. ती सांगायची. मारल्याचंही सांगायची आणि त्याने एकदा बोटीवरून आणलेल्या बिस्किटांच्या डब्याचंही. सर हे मला सांगायचे तेव्हा त्यांच्या आवाजात राग नसायचा. मला मात्र त्या सांतानचा राग यायचा, आजही येतो. माझा तो तेवढाच हक्क.

आय गेली तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं उलटलं होतं. फादर येऊन, मरणाच्या दारातल्या माणसाला लावतात ते तेल लावून गेले होते. घरात शेजारपाजारच्या बायका होत्या, मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते, भर दुपार होती. तिची नजर केव्हाच गेली होती आणि दोन दिवस ती कोणाला ओळखत नव्हती. सर खाली वाकले. तिने हात उचलला आणि सवयीने त्यांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. मग अंगठा तसाच खाली आला, दोन भुवयांच्या मधून नाकावर. मी समोरच होते, मला स्वच्छ दिसलं. मधोमध आल्यावर तिचा अंगठा हवेत उचलला गेला, उंचवटा असता तेवढी जागा ओलांडून पुढे गेला आणि पुन्हा खाली टेकला. तिथे काहीच नव्हतं, आणि तिला ते जाणवलं नाही.

“सांतान,” ती म्हणाली. “आलास?”

इनाससरांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

“आलो,” ते म्हणाले.