पाटोद्याचं ताट

चाकणच्या सुमनताईंच्या मेसमध्ये माणसाला नाव नसतं, तालुका असतो. नवा पोरगा जेवायला आला की ताई ताट मांडता मांडता विचारतात, "तालुका कोनता रं?" तो जे सांगेल तेच त्याचं बारसं. मग औसा, गंगाखेड, माण, कणकवली सगळे एका पंगतीत मांडीला मांडी लावून बसतात. "अगं वर्षाली, औशाला भात वाढ. माणला आमटी न्हाई पोचली," असा ताईंचा सुनेला हुकूम सुटतो. बाहेरून कुणी ऐकलं तर त्याला वाटावं, आत महसूल खात्याची बैठक भरली आहे.

ताई मूळच्या इथल्याच. शेतीचा मोठा तुकडा कंपन्यांच्या प्लॉटात गेला, उरलेल्या जागेवर भाड्याच्या खोल्या आणि पत्र्याची एक लांब शेड उभी राहिली. ती शेड म्हणजे मेस. नवरा सयाजी, गुडघ्यांनी दगा दिल्यापासून, शेडच्या दारात बसून कांदे चिरतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देतो. कांदे कामाला येतात. सल्ल्यांचं तसं काही नाही.

सयाजीचे गुडघे गेले तेव्हा कंपन्यांच्या गेटवर डबे कोण पोचवणार हा प्रश्न आला. सगळे म्हणाले, ताईंना स्कूटी घेऊन द्या. ताई म्हणाल्या, "स्कूटीवर काय माजं डबं बसायचं न्हाईत." आणि पन्नाशीला टेकलेली ही बाई नवऱ्याची जुनी गिअरची मोटरसायकल शिकली. चार दिवस गावानं दात काढले, पाचव्या दिवशी गाव कंटाळलं. ताई मात्र गाडी चालवतच राहिल्या. गाडीला दोन्ही बाजूंनी डब्यांसाठी लोखंडी जाळ्या लावल्या, साडीवर सयाजीचा कंपनीतला जुना शर्ट चढवला, डोक्याला हेल्मेट. या थाटात त्या रोज चाकणभर फिरत. पण आयुष्यात भोसरीच्या पलीकडे त्यांनी गाडी नेली नव्हती.

तर या मेसमध्ये एक पाटोदा होता. बीडकडचा गडी आणि तिखट खात नाही! ठेच्याकडे नुसतं बघितलं तरी त्याच्या डोळ्यांत पाणी. पोरं त्याची यथेच्छ टिंगल करायची. ताई बोलायच्या काही नाहीत, पण रोज भाजीत तिखट पडायच्या आधी एक वाटी बाजूला काढून ठेवायच्या. ती पाटोद्याची वाटी. सगळ्या शेडला हे ठाऊक होतं आणि त्या वाटीला कुणी हात लावत नसे.

आषाढात एका लहानशा वर्कशॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली पाटोद्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यातून सुटल्यावर तो पट्टी बांधलेला हात घेऊन जेवायला आला. ताट वाढलं. त्यानं डाव्या हातानं भाकरी मोडायचा प्रयत्न केला, ती ताटाबाहेर गेली. सगळी पंगत एकदम आपापल्या ताटात बघायला लागली. ताई पुढे झाल्या, म्हणाल्या, "थांब, मी कुस्करून देते." तो उठलाच. "भूक न्हाई मावशी," म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याची पलीकडच्या गल्लीतली खोली रिकामी, फोन बंद.

ताईंनी तीस वर्षांत हजारो ताटं वाढली असतील, पण त्यांच्या दारातून कुणी भरल्या ताटावरून उठून गेलं नव्हतं. ते त्यांच्या जिवाला लागलं. भाजी करताना हात सवयीनं वाटीकडे जायचा आणि तसाच थांबायचा. अखेर दसरा झाल्यावर एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, "मी पाटोद्याला जाऊन येते. पोरगं जेवतंय का न्हाई, डोळ्यांनी बघून येते."

सयाजीची सुरी थांबली. "यष्टीनं जा."

"यष्टी काय त्याच्या वस्तीवर जाती व्हय? गाडी हाय की."

"हायवेला तुज्यानं—"

"हायवेनं कोन जातंय? चाकणच्या चौकात कंटेनर बघून बघून जीव इटलाय माजा. आतल्या रस्त्यानं जाईन, इचारत इचारत."

सयाजीला ठाऊक होतं की हिनं पदर खोचला की ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. त्यानं मुकाट्यानं गाडीची चेन ताणून दिली आणि हवा तपासली. मेस वर्षालीवर सोपवून ताई निघाल्या.

शिक्रापूर मागे पडलं तशी कंपन्यांची छपरं संपली. न्हावऱ्यापासून आतल्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही अंगांना ऊस, मधेच कांद्याची रोपं, रस्त्यावर बाभळींची सावली. घोड नदीच्या पुलावर ताईंनी गाडी उभी केली. खाली पाणी संथ होतं, काठावर एक बगळा एका पायावर उभा होता. ताई कठड्याला टेकून बघत राहिल्या. इतक्या वर्षांत अशा सकाळच्या वेळी त्यांच्या हातात काहीच नाही असं कधी झालं नव्हतं. ना झारा, ना डबा, ना कुणाचं ताट. त्यांना आनंद झाला, आणि आनंद झाल्याची जराशी लाजही वाटली. मग त्यांनी आजूबाजूला कुणी नाही असं बघून बगळ्यालाच विचारलं, "तुजा तालुका कोनता रं?" आणि स्वतःशीच हसत गाडीला किक मारली.

एक गंमत मात्र वाटभर चालली. गाडीच्या जाळ्या बघून जो तो विचारी, "काय विकायला आणलंय?" काष्टीला एका म्हातारीला बोंबील हवे होते. श्रीगोंद्याच्या पुढे एकानं भंगाराचा भाव विचारला. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, "मावशी, कशाची एजन्सी?" आधी ताई सगळं समजावून सांगत होत्या. पुढे पुढे नुसतं म्हणायला लागल्या, "संपलं सगळं. उद्या या."

मुक्काम वाटेत मावसबहिणीकडे झाला. दुसऱ्या दिवशी जामखेडच्या अलीकडे समोरून ट्रॅक्टर यायला लागले. ऊसतोडीला निघालेली माणसं. ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्यांची खुराडी, आणि सगळ्यांच्या वर बसलेली पोरं. गावंच्या गावं पश्चिमेला चालली होती आणि या एकट्या बाई पूर्वेला. एका ट्रॉलीतल्या बायकांनी त्यांना हात केला. ताईंनी हँडल सोडून हात केला, गाडी डगमगली, बायका ओरडल्या आणि मग सगळ्याच हसल्या.

सौताड्याचा घाट चढताना गाडी धापा टाकायला लागली. ताईंची अवस्था वेगळी नव्हती. डबे पोचवताना दर दोन फर्लांगांवर उतरायची सवय, इथे तासन्‌तास मुठी आवळलेल्या. बोटं बधिर झाली होती. पण वळणावर दरी उघडली आणि त्यांचं दुखणं विसरलं गेलं. सपाट माथ्याचे डोंगर, पिवळं पडत चाललेलं गवत, उतारावर सीताफळीची झाडं. 'पावसाळ्यात सौताड्याच्या धबधब्याचा आवाज आमच्या वस्तीवर येतो,' असं पाटोदा सांगायचा. म्हणजे वस्ती इथेच कुठेतरी.

फाट्यावर एक बाई पाट्यांतून सीताफळं विकत बसली होती. केसरबाई तिचं नाव. ताईंनी गाडी लावली आणि विचारलं, "बाई, हितला एक पोरगा चाकणला व्हता. त्याचं घर कुटं?"

"आवो, अर्धा तालुका चाकणला हाय," केसरबाई म्हणाली. "नाव काय त्याचं?"

ताईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

चार वर्षं पोराला जेवू घातलं, त्याच्यासाठी घाटबीट चढून आल्या, आणि नाव? चाकणात "पाटोदा" म्हटलं की तो उभा राहायचा, पण पाटोद्यात येऊन पाटोदा कुणाला म्हणायचं? त्यांनी घाईघाईनं मेसवर फोन लावला. वर्षालीनं जेवणाऱ्यांना विचारलं. एक म्हणाला गणेश असेल, दुसरा म्हणाला अजिबात नाही, तिसरा म्हणाला, "आपण तर पाटोदाच म्हणायचो राव." त्याच्या खोलीतले दोघे कधीच रांजणगावला गेले होते. मागून सयाजीचा आवाज आला, "नाव न इचारता गेली? वा!"

ताई रस्त्याकडेच्या दगडावर मट्‌कन बसल्या. एवढ्या लांब येऊन हात हलवत परत जायचं? स्वतःचाच राग येऊन त्यांचे डोळे भरून आले.

केसरबाईनं एक सीताफळ फोडून पुढे केलं. "रडू नगा माय. कसा होता दिसायला?"

दिसायला? दिसायला सगळी पोरं सारखीच. ताईंना फक्त तो जेवायचा कसा तेच ठाऊक होतं. "भाताच्या आधी ताक प्यायचा," त्या म्हणाल्या. "शेवटचा तुकडा कुत्र्याला ठेवायचा. आन तिखट अजिबात न्हाई. मिरचीच्या वासानंच—"

"अगं बया!" केसरबाई हातातलं फळ टाकून उभीच राहिली. "तिखट न खानारा? सावळारामाचा रणजीत! पंचक्रोशीत दुसरा हाय कोन? त्याच्या मायनं त्याच्या पायी जन्मभर दोन कालवणं केली की."

रणजीत. ताईंनी नाव दोनदा पुटपुटून पाहिलं.

वस्तीवर पोचल्या तेव्हा रणजीत ओट्यावर बसला होता, उजवा हात टॉवेलाखाली. ताईंना बघून तो उठला, आणि बोलावं की आत पळावं हे न कळून तसाच उभा राहिला. त्याची आई तानाबाई धावत आली. ताईंचे हात हातात घेऊन म्हणाली, "तुमीच का वाटीवाल्या मावशी?" पोरानं घरी सांगितलं होतं तर.

स्वयंपाक करता करता तानाबाईनं हळू आवाजात सगळं सांगितलं. पोरगं चारचौघांत जेवत नाही. सगळ्यांचं झालं की आतल्या खोलीत दार लोटून चमच्यानं खातं. फाट्यापर्यंतसुद्धा जात नाही.

ताटं मांडली. रणजीत "मला भूक न्हाई" म्हणून दारात टेकून राहिला. तेच वाक्य. ताईंनी काही ऐकलं नाही असं दाखवलं आणि भाकरीला हात घातला. पण बोटं वळेनात. दोन दिवस क्लच आणि ब्रेक दाबून हाताचं लाकूड झालं होतं. त्यांनी जोर लावला, भाकरी सटकली आणि थेट ताटाबाहेर गेली.

 तानाबाई पुढे होणार तोच रणजीत आला आणि ताईंसमोर मांडी घालून बसला. टॉवेल बाजूला पडला. त्यानं ती भाकरी उचलली, उरलेल्या तीन बोटांनी आणि तळव्यानं दाबून तिचे तुकडे केले, आणि एकेक तुकडा ताईंच्या ताटात ठेवत म्हणाला, "गाडी लई आवळून धरली असंल तुमी मावशी. सैल धरायची असती."

"मला कोन शिकवनार?" ताई म्हणाल्या. आवाज ओला झाला होता, लपवायची त्यांना गरज वाटली नाही. "रणजीत, तू बी बस. एकटीला घास जाईना."

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला नावानं हाक मारली. तो चमकला. मग तानाबाईनं ताट वाढलं, बिनतिखटाची वाटी ठेवली, आणि तो जेवला. सांडत सांडत, पण सगळ्यांत बसून जेवला. तानाबाई चुलीकडे तोंड करून बसली होती आणि चुलीत लाकूड नसताना फुंकत होती.

सकाळी निघताना ताई म्हणाल्या, "फाट्यापातुर गाडी तू घे बाबा. माजी बोटं अजून वळंनात." रणजीत घाबरला. पण तळव्यानं मूठ फिरवून बघितली तर गाडी गुरगुरली. दोन्ही जाळ्यांत तानाबाईनं सीताफळं भरली होती, आणि एका जाळीत सीताफळांखाली एक पिशवी दाबून बसवली होती. तिच्याकडे ताईंनी पाहिलं आणि बघितलं नाही असं केलं.

फाट्यावर केसरबाईनं हात वर केला. रणजीतनं गाडी थांबवली. "मावशी, घ्या आता. मी चालत जातो माघारी."

ताई मागच्या सीटवरून हलल्या नाहीत. रात्री तानाबाईनं गरम तेल चोळल्यापासून बोटं झकास वळत होती, पण त्यांनी दोन्ही हात वाकडे करून पुढे धरले. "न्हाई रे वळत."

त्यानं वळून त्या हातांकडे पाहिलं, ताईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग जाळीतल्या पिशवीकडे पाहिलं. आपल्या शर्टाची बाही त्याला ओळखू आली असावी.

"मग कुठवर सोडू?"

"चाकणपातुर. मेसला डबं पोचवायला मानूस पायजेच हाय मला. माजं काय आता वय हाय का?"

 एक ट्रॅक्टर गेला, धूळ खाली बसली. मग त्यानं हेल्मेट घातलं आणि गाडी जामखेडच्या रस्त्याला वळवली. केसरबाई मागून काहीतरी ओरडली, ते वाऱ्यात गेलं.

घाट उतरल्यावर चहाला थांबले तेव्हा ताईंनी घरी फोन लावला. "उद्या एक ताट जास्तीचं मांडा."

"कुनाचं?" सयाजी म्हणाला.

"रणजीतचं."

"कोन रणजीत?"

"आवो, पाटोदा!"

पलीकडे कांदे चिरल्याचा आवाज थांबला. "मग सरळ सांगावं की पाटोदा येतोय म्हनून," सयाजी म्हणाला, आणि ताईंना तो शेडकडे तोंड करून ओरडताना ऐकू आला, "वर्षाली, उद्या वाटी काढून ठेव गं!"