गटावर टाकलेली फाइल

बोंडअळीच्या त्या हंगामात माझ्याकडे बोरी अरबच्या आसपासची चार गावं होती. मी कृषी सहायक. कपाशीची बोंडं फोडून आत अळी आहे का ते पाहायचं आणि नुकसानीचे अर्ज भरून घ्यायचे, एवढंच काम तेव्हा उरलं होतं. चारही गावांचा मिळून फोनवर एक गट होता. तिथे मी काही टाकलं की लोक लगेच उघडत. मॅडमने टाकलंय म्हणजे कामाचंच असणार, असं ते धरून चालत.

एका सकाळी एका सहकाऱ्याच्या नंबरवरून ‘बोंडअळी नुकसान यादी’ नावाची फाइल आली. मी ती दाबली तर फोनने अडवलं. अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे, परवानगी नाही. यादीला अ‍ॅप कशाला लागतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. सेटिंगमध्ये जाऊन मी परवानगी दिली. मग त्याने मेसेज वाचायला मागितले, सगळे नंबर मागितले. तेही दिले. यादी काही उघडली नाही. माझ्याच फोनमध्ये बिघाड असेल असं समजून मी फाइल गटावर टाकली आणि खाली लिहिलं, ‘कोणाकडे उघडते का बघा.’

दुपारपर्यंत माझा फोन ती फाइल आपोआप सगळ्यांना पाठवू लागला होता, सासूबाईंपासून दूधवाल्यापर्यंत. सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “मी तुम्हाला काहीच पाठवलं नाही.”

बोरी अरबच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान होतं. मालक पन्नाशीचा, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने माझं ऐकून घेतलं, आधी इंटरनेट बंद केलं आणि मग ते अ‍ॅप शोधून काढून टाकलं.

“यादी कधी एपीके, म्हंजे अ‍ॅपची फाइल, नसते मॅडम,” तो म्हणाला. “फाइलीच्या नावातले शेवटचे अक्षरं पाहत जा. अन् फोन अडवते तं काहून अडवते, ते वाचत जा.”

“आता बाकीच्यांचं काय?”

“ज्यायनं उघडली असन, त्यायचेही फोन धाडून राह्यले असतीन.”

काय करायचं ते त्याने मला कागदावर क्रमाने लिहून दिलं. अगदी शेवटी, काहीच चाललं नाही तर फोन पूर्ण पुसायचा, असं होतं. गटावर मी चूक कबूल केली, फाइल उघडू नका म्हणून लिहिलं आणि स्कूटी काढली. दोन दिवस दारोदार फिरले. काहींनी फाइल उघडलीच नव्हती. एक-दोघे रागावले. बहुतेकांनी माझीच समजूत काढली, आणि ते जास्त जड गेलं.

तिसऱ्या गावात चाळिशीच्या एक बाई होत्या. नवरा पांढरकवड्याच्या बाजूला ट्रकवर, महिन्यातून एखाद्या वेळी घरी येणारा. मुलगी पुसदला मावशीकडे शिकायला. वावर बाईच पाहत. त्यांच्या फोनमधून ते अ‍ॅप काही केल्या निघेना.

“पूर्ण पुसावा लागेल,” मी म्हटलं. “आत काही महत्त्वाचं आहे का?”

“नाही. वावरातले फोटो हायेत, पन ते तं फोनातच राहतीन ना?”

माझी अजून बरीच घरं बाकी होती. मी हं म्हटलं आणि फोन पुसला.

चार दिवसांनी त्या बाई मला शोधत ग्रामपंचायतीत आल्या. अळी लागणार नाही म्हणून विकलेल्या बियाण्याची तक्रार द्यायची होती. फुलं लागल्यापासून त्यांनी दर आठवड्याला फोटो काढले होते. डोमकळ्यांचे, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेल्या फुलांचे, आणि नंतर किडक्या बोंडांचे.

“मॅडम, फोटो सापडून नाही राह्यले.”

मी सांगितलं की ते गेले.

“तुमाले मालूम होतं, जातीन म्हनून?”

“हो.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

मी घाईत होते, हे उत्तर माझ्याकडे होतं. ते मी दिलं नाही. मुलीला काही फोटो पाठवले होते का, एवढं विचारलं. पाठवले होते, चौदा. सगळे बोंडांचे. फुलांचा एकही नव्हता.

तक्रारीसोबत मी स्वतःचा जबाब जोडला. सुरुवातीचे फोटो माझ्या चुकीने गेले, असं त्यात स्पष्ट लिहिलं. माझ्या वरिष्ठांनी तो परिच्छेद काढायला सुचवलं. मी काढला नाही. तपासणी समितीने वावरात येऊन मुलीकडून मागवलेले फोटो पाहिले, बियाण्याची रिकामी पिशवी पाहिली आणि तक्रार नोंदवून घेतली. अळी फुलांपासून होती, हे मात्र अहवालात आलं नाही. त्याला पुरावा नव्हता आणि माझ्या जबाबाला कोणी पुरावा मानलं नाही.

त्यानंतर कुठल्याही गावात बैठक असली की मी सुरुवात फोनपासून करू लागले. अ‍ॅप फक्त फोनमध्ये आधीपासून असलेल्या अ‍ॅपच्या दुकानातूनच घ्यायचं. अनोळखी ठिकाणची परवानगी बंद ठेवायची. ओळखीच्या नंबरवरून आलेली फाइलही, पाठवणाऱ्याला फोन करून विचारल्याशिवाय उघडायची नाही. अपडेट टाळायचं नाही, आणि फोटोंची एक प्रत दुसरीकडे ठेवायची. त्यांच्या गावच्या बैठकीत त्या बाई दुसऱ्या ओळीत बसायच्या, काही विचारायच्या नाहीत. एकदा बैठक संपल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

“प्रत झाली का, पाहा.”

मी पाहिलं. झाली होती.