भिंतीतला देव

सिद्धम्माच्या हाताला चव आणि जिभेला धार आहे, हे तिच्या खानावळीत जेवणाऱ्या पोरींना पहिल्याच आठवड्यात कळायचं. लातुरात शिकवण्यांची चलती सुरू झाली, गल्लोगल्ली बाहेरगावची पोरं-पोरी दिसू लागली, तेव्हा तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि चूल मांडली. ताटात कुणी शेपूची भाजी बाजूला सारली की ती कमरेवर हात ठेवून विचारायची, "डॉक्टर व्हायला आलाव का भाज्या निवडायला?" पोरी हसत आणि मुकाट्यानं शेपू खात.

खोलीच्या कोपऱ्यात तिची सासू शिवगंगा बसलेली असे. म्हातारीला दिसत नव्हतं म्हटलं तरी चालेल. पण रोज सकाळी अंघोळ झाली की ती गळ्यातल्या कापडात बांधलेला लिंगायतांचा देव, इष्टलिंग, सोडायची, डाव्या तळहातावर घ्यायची, पाणी घालायची, भस्म लावायची, चाचपून बेल वाहायची. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. सून बेल हाताशी ठेवायची आणि लगेच स्वयंपाकघरात निघून जायची. ती तिथं का थांबत नाही, हे कधी कुणी विचारलं नाही.

कारण त्या कापडात इष्टलिंग नव्हतंच, दगड होता.

किल्लारीच्या बाजूचं तिचं सासर भूकंपात भुईसपाट झालं, तेव्हा सिद्धम्माच्या लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. नवरा गुरुपादप्पा भिंतीखाली गेला. लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात, तळहातावर त्याचा देव देतात, पण त्या आठवड्यात कोण कुणाला बसवणार? वरून पाऊस, खाली चिखल आणि प्रेतांची रांग. सगळ्यांना एकत्र जाळलं, त्यात गुरुपादप्पाही गेला. सासूला जिवंत बाहेर काढलं. पापण्या सुजून मिटल्या होत्या, डोळ्यांत माती होती आणि गळा मोकळा होता. देव ढिगाऱ्यात गेला होता.

ज्याचं इष्टलिंग हरवलं त्यानं ते मिळेपर्यंत पाणीही घ्यायचं नाही, असा नेम. जवानांनी पाणी आणलं, शिवगंगेनं दात घट्ट मिटले. शेजारणींनी विनवलं, तिनं मान फिरवली. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ फुटले, बोलणं बंद झालं. सासर-माहेर मिळून तेवढं एकच माणूस सिद्धम्माला उरलं होतं. तिनं ढिगाऱ्यातून आवळ्याएवढा एक काळा गुळगुळीत गोटा उचलला, पदराच्या चिंधीत बांधला आणि म्हणाली, "सापडला, आत्याबाई. वरचा लेप तेवढा घासून गेलाय." म्हातारीनं तो छातीशी धरला आणि घटाघटा पाणी प्याली. खोटं बोलणं पाप, हे सिद्धम्माला कुणी शिकवायला नको होतं. पण डोळ्यांदेखत माणूस तहानेनं मरू देणं, हे तरी कुठलं पुण्य?

पुढं म्हातारीच्या डोळ्यांवर धुकं राहिलं ते राहिलंच. सरळ रेषेत आखलेल्या नव्या गावात त्या काही वर्षं राहिल्या, मग लातूरला आल्या. एका जत्रेत सिद्धम्मानं खरं इष्टलिंग घेऊन डाळीच्या डब्यात लपवलं होतं, पण बदलायचं कसं? म्हातारीच्या बोटांना त्या दगडाचा कण न् कण पाठ झाला होता. शिवाय एक भानगड होती. एकदा म्हातारी तापानं पडली असताना सिद्धम्मानं चिंधी सोडून पाहिली, तर दगडाच्या खळग्यात निळा रंग बसलेला. तिनं सुईनं खरवडला, तरी निघेना. जाऊ दे, म्हणाली, हिला कुठं दिसतंय.

आणि नेमकी मनस्विनी खानावळीत आली. नांदेडची पोर, बाप रेणुकादास रेल्वेच्या कचेरीत. डॉक्टर व्हायच्या आधीच तिनं म्हातारीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. "मावशी, हा तर मोतीबिंदू! ऑपरेशन केलं की आज्जींना दिसायला लागेल."

म्हातारी लहान मुलासारखी हरखली. सिद्धम्माच्या पायाखालची जमीन पुन्हा हलली. उन्हाळा सरू दे, पोरींची परीक्षा होऊ दे, असं करत तिनं बरेच दिवस ढकलले. "मावशी, तुम्हाला आज्जी बऱ्या व्हायला नको आहेत का?" मनस्विनीनं एकदा तोंडावर विचारलं. सिद्धम्मा उष्टी ताटं गोळा करायला लागली. शेवटी रेणुकादासांनीच नांदेडच्या डॉक्टरांकडे तारीख ठरवली.

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी सुटली, काळा चष्मा मिळाला, मुक्काम मनस्विनीच्या घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी त्यांच्या देवघरासमोर पूजेला बसली. सिद्धम्मा तांब्या घेऊन दारात उभी राहिली. आज तिला तिथून हलता येईना. म्हातारीनं चिंधी सोडली, दगड तळहातावर घेतला आणि चष्मा काढला.

तिनं तो उलटासुलटा करून पाहिला, खळग्यावर नख घासलं.

"सिद्धम्मा, हे निळं काय हाय?"

"डोळ्यांत औषध हाय ना, आत्याबाई. तसं दिसत असंल."

"ही भिंत पांढरी दिसती. तुझं लुगडं हिरवं दिसतंय. अन् ह्येच तेवढं निळं दिसतंय व्हय?" तिनं दगड उजेडाला धरला. "ही माझ्या गुरुपादच्या खोलीची भिंत हाय."

सिद्धम्मानं तांब्या खाली ठेवला.

"ज्या भिंतीनं माझं लेकरू खाल्लं, तिलाच मी रोज बेल वाहिला?"

"हाव," सिद्धम्मा म्हणाली.

म्हातारीनं दगड गळ्यात बांधला नाही, मुठीत धरला. चहा परत गेला, पाणी परत गेलं, गोळ्या तशाच राहिल्या. मनस्विनीचा जीव वरखाली झाला. नुकतं ऑपरेशन झालेलं, वय झालेलं, त्यात शरीरातलं पाणी कमी होणं म्हणजे काय, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. ती म्हातारीपुढं बसून म्हणाली, "आज्जी, आमच्या देव्हाऱ्यातला शाळिग्रामही नदीतला गोटाच आहे. आम्ही त्यालाच देव म्हणतो ना?"

"तुमच्या घरी ते खरं हाय, बाई. आमच्यात गुरूनं हातावर दिल्याबिगर देव व्हत न्हाई." मग सुनेकडे न बघता ती म्हणाली, "गावाकडं चल. स्वामींकडं."

एसटीत दोघी शेजारी बसल्या. खिडकीतून आगीसारखं वारं येत होतं. म्हातारीची मान मधूनच कलायची, सिद्धम्मा सावरायला हात पुढं करायची आणि म्हातारी तो हात बाजूला सारायची. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा सिद्धम्मानं पाण्याची बाटली तिच्या तोंडाशी धरली. "मला शिव्या द्या, मारा, पण दोन घोट घ्या."

"त्या दिवशी मला जायचं हुतं," म्हातारी म्हणाली. "लेकाच्या मागं. तू जाऊ दिलं न्हाईस."

इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सिद्धम्मानं बोलून टाकलं. "तुमचा लेक गेला, तर माझा नवरा गेला न्हवता काय? त्या ढिगाऱ्यावर मला एकटीला टाकून चालला हुता तुमी! मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं हुतं?"

गाडीतली माणसं माना वळवून पाहू लागली. म्हातारीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. तिचा अंगठा मात्र मुठीतल्या दगडावरून फिरत राहिला.

नव्या गावात पोचेपर्यंत तिला धड उभं राहवत नव्हतं. स्वामींनी सगळं ऐकून घेतलं. भला माणूस, रागावला नाही. म्हणाला, "अक्का, आत्ता नवी दीक्षा देतो. ह्यो दगड तेरणा नदीत सोडा अन् पाणी घ्या."

"थांबा," म्हातारी म्हणाली. जीभ कोरडी पडली होती, शब्द तुटत होते. "लग्नाच्या आधी गुरुपादनं चुन्यात नीळ कालवून ती खोली सोत्ता रंगवली. तसल्याच निळ्या हातानं जेवाय बसला, म्हणून मी वरडले हुते. ह्यो रंग त्याच्या हातचा हाय. त्याला बसवता आलं न्हाई, हातावर देव देता आला न्हाई. लाकडावानी जाळला. आज ह्याला बसवा. आधी त्याचं, मग माझं."

"दगडाची समाधी? आपल्यात असा रिवाज न्हाई, अक्का."

"जाळायचा तरी कुठं हुता, स्वामी?"

स्वामींचा सख्खा भाऊ त्याच चितेवर गेला होता. ते उठले, भस्माची पिशवी, कुदळ आणि दोन इष्टलिंगं घेतली आणि शेजाऱ्याची जीप काढायला लावली.

जुन्या गावठाणात आता बाभळी माजल्या होत्या. घराची जागा म्हातारीनंच दाखवली. खड्डा सिद्धम्मानं खणला. हाताला फोड आले, तरी तिनं कुदळ कुणाला दिली नाही. स्वामींनी माणसाला बसवावं तसा दगड बसवला, समोर इष्टलिंग ठेवलं, भस्म आणि बेल वाहून मंत्र म्हटले. सिद्धम्मानं माती लोटली आणि तिथंच मटकन बसून ती रडली. नवऱ्यासाठी असं रडायला तिला तोवर सवडच झाली नव्हती.

मग स्वामींनी दुसरं इष्टलिंग म्हातारीच्या तळहातावर ठेवून दीक्षा दिली. पूजा झाली. सिद्धम्मानं भीतभीत तांब्या पुढं केला. म्हातारीनं तो तिच्या हातातून घेतला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. तोंड पुसून म्हणाली, "भाकर हाय का?"

सिद्धम्मानं घाईघाईनं बांधून आणलेला डबा उघडला. तेवढ्यात बाभळींच्या आडून एक बाई आली. शेळ्या घेऊन ती मघापासून लांब उभी राहून सगळं पाहत होती. तिच्या पदरात दोन दगड होते, एक मोठा आणि एक अगदी लहान.

"स्वामी," ती म्हणाली, "माझ्या बी दोघांचं…" तिनं पदर पुढं केला.

स्वामींनी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीनं तोंडाजवळ नेलेला घास डब्यात परत ठेवला.

"सिद्धम्मा, मागून जेवू," ती म्हणाली. "आधी हिला खड्डा खणून दे."