स्लॅबवरची खारी

“तुमनं सिमेंटच खोटं शे, सरदारचाचा! बघा वर, गज उघडे पडनात!”

“मना माल चोख व्हता. आधी गच्ची दाखाड, मंग बोल!”

“शिडी मोडेल शे,” खाटेवरून चुडामण आबा मध्येच म्हणाले.

शिडी चांगली धडधाकट होती.

सोनगीरच्या या घरात सकाळी छताचा गिलावा कोसळला, नेमका नातीच्या अंथरुणावर. पोर अंगणात होती म्हणून वाचली. सुट्टीला सुरतेहून आलेल्या समाधाननं, आबांच्या मुलानं, सहा वर्षांपूर्वी स्लॅब टाकणाऱ्या सरदार मिस्त्रीला धुळ्याहून बोलावून घेतलं होतं.

आबांची उमर धाब्यांवर गेली. मातीच्या त्या सपाट छपरांवर पावसाळ्याआधी खारी, म्हणजे खारट पांढरी माती, पसरायची. थेंब आत यायची बिशाद नव्हती. अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली की गावभर एकच हाक, “आबा, आमनं धाबं कधी?” घरोघर स्लॅब आले, हाका थांबल्या. हात थांबेनात. पोरगा सुरतेला गेला की आबा दरसाल गुपचूप आपल्याच स्लॅबवर खारी पसरायचे. छताला ओल दिसली, तेव्हा त्यांनी आणखी चार पाट्या वर चढवल्या.

तीच ओल पाहून गेल्या दिवाळीत बसस्टँडवरच्या हॉटेलात समाधान सगळ्यांदेखत बोलला, “सरदारनं सिमेंट खाल्लं!” शेजारी बसलेले आबा बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिले. त्यानंतर गावात सरदारला एकही काम मिळालं नाही.

सरदार वर गेलाच. उतरला तो मूठभर ओली पांढरी माती घेऊन. “चार बोटं थर शे. मिठानं गज खाई टाकात.”

“वारानी धूळ व्हई,” समाधान म्हणाला.

गप्प राहायची सोय पुन्हा आयती चालून आली होती. आबांना क्षणभर ती गोडही वाटली. मग ते खाटेवरून उठले.

“धूळ नही रे. खारी शे. मीच टाकेल शे.”

“आबा! आन मी गावभर…”

“माले तवाच शंका उनी व्हती. हॉटेलमा बोलाले पाहिजे व्हतं, सरदार. चाल, आत्तेच चाल, बठ्ठा गावले सांगस.”

सरदारनं हात झटकले. थापी पिशवीत टाकली.

“काहीतरी बोल ना रे, भाऊ!” आबा म्हणाले.

चपला पायात सरकवून सरदार अंगण ओलांडून निघून गेला.