पाठमोरे सासरे

त्यांचे नाव मी कधी विचारले नाही. मोताळ्याजवळ, आमच्या शाळेमागे, रोजगार हमीतून पाझर तलावाचा गाळ काढण्याचे काम चालू होते. तेथे ते सुनेसह येत. ते खोदत आणि चेहऱ्यावर पदर ओढलेली सून टोपल्या वाहून नेई. तिच्या डोक्यावर टोपली चढवतानाही त्यांची नजर जमिनीवर असे.

पुढे नवा नियम आला. मोबाइलने चेहरा ओळखला तरच हजेरी, आणि हजेरी लागली तरच मजुरी. सासऱ्यांसमोर पदर सारणे सुनेला जमेना.

"वहिनी, आजचा रोज बुडते तुमचा," मुकादम म्हणाला.

सासऱ्यांनी कुदळ खाली ठेवली आणि पाठ फिरवली.

"आबा, तुमचा फोटो पाठीचाच काढू का?" एकजण हसला.

"काढ बे! सूनबाई, दाखव तोंड."

हजेरी लागली, तरी ते वळले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "मोबाइलनं पाह्यलं तुले, मंग मीच काऊन परका? तुह्या मनावर हाय, बाई."

आग्रह करतानाही नकाराला जागा ठेवावी, हे मला त्या पाठीने शिकवले.

जरा वेळाने सून पाण्याचा तांब्या घेऊन वळसा घालून त्यांच्यासमोर उभी राहिली. पदर डोक्यावर होता आणि चेहरा उघडा होता.